काकूंच्या खिळ्याला तुमचं कालनिर्णय

पत्र : डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर आम्ही जुना वन बीएचके घेतला. बिल्डिंग १९९३ची. त्याआधी अकरा वर्षं भाड्याने राहिलो, पाच घरं बदलली. मागच्या दसऱ्याला इथे कलश ठेवला. आता आषाढ लागला, तरी घर आपलं वाटत नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्या काकू पहिल्यापासून इथे राहत होत्या. काका गेल्यावर लेकीकडे बडोद्याला गेल्या. बिल्डिंगमध्ये मी अजून ‘काकूंच्या घरात आलेल्या त्या’. खाली बोर्डावर काकांचंच नाव. पडदे काकूंचे, ओट्याखाली पाटा-वरवंटा त्यांचा, हॉलच्या छताला झोपाळ्याच्या कड्या त्यांच्या. स्वयंपाकघरात त्यांच्याच खिळ्याला आमचं कालनिर्णय. आमची सात खोकी अजून बांधलेलीच आहेत, माळ्यावर तर मी चढलेच नाही. मिस्टर म्हणतात, सगळं काढून फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन करू. साडेचार लाखांचं कोटेशन आलंय, त्यासाठी टॉप-अप लोन काढायचं म्हणतात. पेंटर रोज विचारतो, कड्या कापू का? सासूबाईंचं म्हणणं, ओट्याशी उभं राहिलं की तोंड दक्षिणेला होतं म्हणून मन लागत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत दसऱ्याला ठेवलेली तुळस ज्येष्ठात गेली, ते तर त्यांच्या फारच मनाला लागलंय. भाड्याच्या घरात श्रावणात जिवतीचा कागद मी फ्रिजला चुंबकाने लावायचे, कारण भिंतीला काही चिकटवलेलं मालकांना चालत नसे. तरी तिथे बरं वाटायचं. इथे हप्ते भरतोय आणि मी पाहुणीसारखी वावरतेय. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई,

चुकत काही नाही. घर बदललं, पण तुमच्यातली भाडेकरीण अजून सामान बांधून दारात बसली आहे, एवढंच. काकूंच्या वस्तूंची यादी तुम्ही दिलीत, पण मी अडकले ती जिवतीच्या चुंबकापाशी. अकरा वर्षं जिवतीला फ्रिजवर बसवलंत, तर भिंत आपली वाटायला आठ महिने कसे पुरतील?

अकरा महिन्यांचा करार माणसाला काय काय शिकवतो बघा. खोकी टाकायची नाहीत, पुढच्या वेळी लागतील. भिंतीतलं कपाट करायचं नाही, लोखंडी घ्यायचं. शेजाऱ्यांशी गोड बोलायचं, पण फार जीव लावायचा नाही. आणि खिळा तर ठोकायचाच नाही. आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा एका घरमालकांनी घर सोडताना भिंतीवरची भोकं मोजली होती. चौदा निघाली. त्यातली नऊ आमच्या आधीची आहेत हे सांगून काही उपयोग झाला नाही, डिपॉझिटमधून चौदांचे पैसे गेले. पुढे स्वतःच्या घरात पहिलं भोक पाडायची वेळ आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आणि ड्रिल मशीन माझ्या हातात नव्हतंच, इलेक्ट्रिशियनच्या हातात होतं.

तेव्हा आधी भिंतीला हात लावा. कालनिर्णय काकूंच्या खिळ्यावरून काढा आणि तुम्हाला रोज जिथे दिसायला हवं तिथे लावा. त्यांची उंची वेगळी, तुमची वेगळी. त्यांचा खिळा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत असणार. विटांची भिंत असेल तर सहा मिलिमीटरचं भोक, आत प्लॅस्टिकची गिट्टी, वर स्क्रू. पाच मिनिटांचं काम. मशीन एकदम अडलं आणि विटेच्या लाल पुडीऐवजी करडी पूड यायला लागली तर समजा की कॉलम किंवा बीम लागला, तिथे जोर न करता जागा बदला. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरींची नळी बहुतेक तिथूनच जाते. बाथरूमच्या भिंतीला पलीकडून भोक पाडताना पाइप कुठून गेलाय ते आधी बघा. मशीन स्वतः चालवा. चुकलं तर पुट्टी आहे, आणि या वेळी डिपॉझिट कोणाकडेच नाही.

खालच्या बोर्डावरचं नाव हा मात्र गंमतीचा विषय नाही. आठ महिने झाले तरी तिथे काकांचं नाव आहे म्हणजे मला शंका येते की सोसायटीतलं हस्तांतरणच राहिलंय. रजिस्ट्रेशन झालं, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदीचा सरकारी उतारा) हातात आलं, की लोकांना वाटतं सगळं झालं. पण सोसायटीच्या दप्तरी सभासद म्हणून तुमची नोंद व्हावी लागते. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचे रकाने असतात, तिथे तुमची नावं चढलीत का ते बघा. मूळ सर्टिफिकेट बँकेकडे असेल, तर सेक्रेटरींकडून सभासद रजिस्टरमधली नोंद तपासून घ्या. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतरण फी ५०० रुपये, आणि प्रीमियम म्हणून महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, असं सरकारचं २००१चं परिपत्रक आहे. त्याहून जास्त ‘देणगी’ मागत असतील तर हे परिपत्रक नम्रपणे पुढे करा. मग नॉमिनेशनचा फॉर्म, महावितरणचं बिल आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेचा मालमत्ता कर. विजेच्या बिलावर दर महिन्याला काकांचं नाव वाचून ‘हे घर आपलं’ असं कोणाच्या मनात येईल?

आणखी एक. करारात तुमचंही नाव आहे का, हे पत्रात नाही. असेल तर बोर्डावर आणि दारावरच्या पाटीवरही दोन्ही नावं पूर्ण लिहा. नुसतं आडनाव लिहायची पद्धत मला कधीच पटलेली नाही.

आता साडेचार लाख. तुमच्या मिस्टरांची तगमग मला कळते. त्यांनाही घर परकंच वाटतंय, त्यांनी फक्त औषध वेगळं शोधलंय. पण टॉप-अप लोन काढून फॉल्स सीलिंग करायला माझी साफ ना आहे. तीस वर्षं उलटलेल्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या बिल्डिंगचं शेवटचं कधी झालं आणि त्यात काय लिहिलंय, हे कमिटीला विचारा. आता सभासद म्हणून विचारायचं. फॉल्स सीलिंग लागलं की स्लॅब डोळ्याआड जातो, आणि १९९३च्या इमारतीत स्लॅब डोळ्यांसमोर असलेला बरा. शिवाय इतक्या जुन्या बिल्डिंगमध्ये रिडेव्हलपमेंटचं बोलणं कधी ना कधी निघतंच. उद्या बिल्डिंग पाडायची ठरली तर साडेचार लाख राडारोड्याबरोबर जातील आणि हप्ते मागे राहतील. मात्र याचा उलटा अर्थही काढू नका. ‘पाडणारच आहेत, मग कशाला काही करायचं’ म्हणून लोक वर्षानुवर्षं पोपडे आलेल्या भिंती बघत बसतात. ती पुन्हा भाडेकरूचीच बुद्धी झाली. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या, मोरीतली गळती असेल तर ती काढा. दिसण्यासारखं काही होणार नाही, पण रात्री झोप लागेल.

आणि त्या पेंटरला आत्ता परत पाठवा. आषाढात रंगाचं काम मागतोय म्हणजे त्याच्याकडे दुसरं काम नाही. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पापुद्रे सुटतील आणि त्याखाली पांढरं मीठ फुटेल. हा तुमचा या घरातला पहिला पाऊस आहे, त्याचा उपयोग करून घ्या. भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात जिथे जिथे ओल दिसेल तिथे तिच्या कडेकडेने पेन्सिलीने रेघ आखा आणि शेजारी तारीख लिहा. चार दिवस धो धो पाऊस झाल्यावर पुन्हा बघा. डाग रेघेबाहेर पसरला आणि उघडिपीत आक्रसला, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय; ते काम सोसायटीचं. पाऊस असो नसो, डाग आपला वाढतोच आहे, तर वरच्या मोरीकडे बघायला हवं आणि वरच्या बिऱ्हाडाशी बोलायला हवं. गणपतीपर्यंत तुमच्याकडे घराचा नकाशाच तयार होईल. रंग दिवाळीनंतर, भिंती खडखडीत वाळल्यावर. तुमचा मुलगा लिहिण्याच्या वयाचा असेल (जिवती आहे म्हणजे मूल आहे असं मी धरून चालले आहे) तर तारखा त्याला लिहू द्या. भिंतीवर लिहिल्याबद्दल शाबासकी मिळायची संधी मुलांना सहसा मिळत नाही.

सासूबाईंची तुळस कोणाच्या दोषाने गेलेली नाही. डोंबिवलीत मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडूनच जातो. तुमची गॅलरी दक्षिणेची, वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब. म्हणजे ज्येष्ठभर तुळशीच्या पानावर उन्हाची तिरीप पडली नसणार. त्यात पावसाची दमट हवा आणि सासूबाई नेमाने रोज पाणी घालत असणार, मुळं कुजली. याच गॅलरीत मार्गशीर्ष-पौषात बघा, दुपारचा सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की ऊन गॅलरी ओलांडून हॉलच्या फरशीपर्यंत येईल. दसऱ्याला आणलेली तुळस तेव्हा छान फुटली असेल, आठवून बघा. नवीन रोप आणा, नवरात्रापर्यंत ते पूर्वेच्या खिडकीत ठेवा, माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका. मग गॅलरीत न्या. जुन्या घरातले लोक म्हणतात ना, वर्ष झाल्याशिवाय वास्तू कळत नाही, ते यासाठीही असावं.

ओटा मात्र फोडू नका. ओटा हलवायचा म्हणजे पाण्याची लाइन, सिंकचा उतार, गॅसचा पाइप सगळंच हलतं, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये एक पाइप हलवला की दुसरा रडायला लागतो. ओटा काटकोनात वळलेला असेल आणि त्याची एक बाजू पूर्वेला येत असेल तर शेगडी तिकडे फिरवा, सासूबाईंचं समाधान फुकटात होईल. तसं नसेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी उदकशांत करून घ्या. राहत्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या घरात पुष्कळ जण तेच करतात. काकूंनी तेव्हा वास्तुशांत केली असेल तर त्यांची वास्तुप्रतिमा आग्नेयेच्या कोपऱ्यात कुठेतरी असेलच. ती शोधायला फरशी उकरायची काही गरज नाही. माझा स्वतःचा दिशांवर फार विश्वास नाही. सासूबाईंना या घरात करण्यासारखं काहीतरी हवंय, एवढं मात्र मला पत्रावरून वाटलं. त्यांचंही घर बदललंय. देव्हारा कुठे ठेवायचा हे त्यांना ठरवू दिलं होतंत का?

‘वास्तू तथास्तु म्हणते’ हे सासूबाईंनी तुम्हाला ऐकवलं असेलच. मग आठ महिने रोज ‘हे घर आपलं वाटत नाही’ म्हणणाऱ्या सुनेला ती बिचारी दुसरं काय म्हणणार?

शेजाऱ्यांचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत सोपा आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू गेलं, चैत्रगौर गेली, तुम्ही खोकी बघत बसलात. आता श्रावण तोंडावर आलाय. पहिल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लावा, खळ करून, नीट चिकटवून. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलं खेळवणाऱ्या जिवत्या आणि खाली हत्ती-वाघावरचे बुध-बृहस्पती असा तो सगळा परिवार अकरा वर्षं चुंबकाखाली वाकडातिकडा लटकत होता, त्यांनाही जरा भिंतीला पाठ टेकू द्या. आघाडा-दूर्वांची माळ घाला. आणि संध्याकाळी जिन्यातल्या आठ-दहा घरांना दूध आणि गूळ-फुटाण्यांना बोलवा. शंभर-दोनशे रुपयांत फुटाणे येतात. कप कमी पडले तर शेजारून मागून आणा. मागून आणल्याने जितकी ओळख होते तितकी देऊन होत नाही. बिल्डिंगमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी असतील तर त्यांनाही बोलवा आणि त्यांनाही हळदीकुंकू लावा. कोणाला लावायचं आणि कोणाला नाही, हे शास्त्र या घरात आता तुम्ही ठरवायचं. त्या दिवशी बायका काकूंच्या आठवणी काढतील, खुशाल काढू द्या. ‘काकू इथे पापड वाळत घालायच्या’ हे ऐकल्यावर तुम्हाला निदान पापड कुठे वाळतात ते तरी कळेल.

पडदे मात्र आजच काढा. धुऊन, घडी घालून कोणाला तरी द्या. पडद्यांशी भावनिक होण्यात अर्थ नाही, त्यांना दुसऱ्याच्या घराचा वास असतो. पाटा-वरवंटा असू द्या. एकदा चटणी वाटून बघा, मिक्सरची आणि त्या चटणीची चव एक लागत नाही. पाट्याला टाकी लावायची असेल, म्हणजे हाताला गुळगुळीत लागत असेल, तर टाकी लावणारे अजून कधीमधी दारावर येतात, कान उघडे ठेवा. शिवाय कुटुंबात कोणाचं बारसं निघालं तर बाळाच्या आधी पाळण्यात घालायला ‘गोप्या’ लागतो, तेव्हा सगळ्यांना तुमचाच वरवंटा आठवेल.

आणि काकूंना फोन करा. त्यांचा नंबर तुमच्याकडे असणार, व्यवहाराच्या वेळी दिवसाला चार फोन झाले असतील. तुम्हाला वाटतंय, आपण त्यांच्या घरात शिरलो. त्यांना कदाचित वाटत असेल की त्या घरात आता कोण कसं राहतंय कोणास ठाऊक. विषय काढायला कारण हवं तर झोपाळ्याचं काढा. कड्या कापायच्या की ठेवायच्या, हे पेंटरने विचारायचं आणि तुम्ही माझ्याकडे पाठवायचं, यापेक्षा ज्यांनी त्या बसवल्या त्यांनाच विचारलेलं बरं. कड्या बीममध्ये आहेत की नुसत्या स्लॅबमध्ये, हे त्यांना माहीत असेल. मग इंजिनिअरला दाखवा. कडीभोवती तांबूस डाग असतील किंवा सिमेंट सुटत असेल तर त्यावर काहीही टांगायचं नाही, मुलाला तर मुळीच बसवायचं नाही. चांगल्या असतील तर घासून रेड ऑक्साइड लावून घ्या. मिस्टरांना सांगा, फॉल्स सीलिंगच्या पैशात झोपाळ्याच्या दहा फळ्या येतील.

कड्या छताला आहेत, म्हणजे कधीकाळी साखळ्याही होत्या. काकू उतारवयात लेकीकडे गेल्या, बडोद्याला पितळी साखळ्या घेऊन गेल्या असतील असं मला वाटत नाही. माळ्यावर अजून चढला नाहीत म्हणता. टॉर्च घ्या, नाकाला रुमाल बांधा, मिस्टरांना स्टूल धरायला सांगा आणि चढा.